विजेच्या सायकलीस रुंद टायर : कोणता, किती व कशासाठीं

शेतकरी बंधूंच्या घरीं सायकल ही वस्तु नवी नाहीं. नवी आहे ती तिच्या चाकांत बसविलेली विजेची मोटार. आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत जुनी किंवा नवी सायकल घेऊन तिच्या मागील चाकांत मोटार व दांडीवर बॅटरी बसवून घेण्याकडे अलीकडे पुष्कळांचें लक्ष लागलें आहे. त्याचीं कारणें उघड आहेत. शेतीपंपाची वीज पुष्कळ वेळां रात्रीच्या पाळीनें मिळते. पंप चालू करण्यास व पाणी धरण्यास अंधारांत शेत गांठावें लागतें. आणि तळोदा, अक्कलकुवा व शहादा या तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर असल्यामुळें तें अंतर पायीं कापणें कोणासहि नको वाटतें. मोटारसायकलीस पेट्रोल लागतें. विजेची सायकल घरच्या विजेवर भरते, आवाज करीत नाहीं, आणि बॅटरी संपली तरी पायांनीं घरीं आणतां येते.

परंतु ही सायकल करून घेतांना लोक मोटारीची व बॅटरीची चौकशी कसून करतात, आणि टायरची वासलात "जितका रुंद तितका बरा" या एका वाक्यावर लावतात. हा समज अर्धा खरा आहे. त्याचा अर्धा खोटा भाग कोणता, हें वेळींच न कळल्यास पैसा जातो व वाहन ऐन गरजेच्या वेळीं अडतें. सबब या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

शहादा तालुक्यांतील काळ्या शिवाराच्या एका गांवीं घडलेला प्रकार उदाहरणादाखल पुरे आहे. तेथील एका खातेदारानें मुलाच्या आग्रहावरून चार इंची टायरांची सायकल घेऊन तीस मोटार बसविली. उन्हाळाभर ती उत्तम चालली. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर एके रात्रीं मुलगा पंप चालू करण्यास निघाला. शेत हांकेच्या अंतरावर राहिलें असतां काळी माती टायरास चिकटूं लागली, पुढच्या चिमट्यांत व मागील दांड्यांत दाटून बसली, आणि चाक फिरेनासें झालें. मोटार तापून बंद पडली. तें जड धूड फडाच्या कडेस टाकून मुलास अंधारांतून पायीं परतावें लागलें. इजा कांहीं झाली नाहीं, हें सुदैव. त्याच वाटेनें शेजाऱ्याची दोन इंची टायरांची सायकल, मधून मधून काडीनें चिखल काढावा लागला तरी, शेतावर पोंचत होती.

रुंदीचें खरें काम

टायर रुंद असल्यानें नेमकें काय होतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव ओल्या जमिनींत चाकोरी पाडते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. इंग्लंडांत १७५३ सालीं जड गाड्यांच्या चाकांची रुंदी नऊ इंच असावी असा कायदाच करावा लागला, कारण अरुंद चाकांनीं सडका फाडून टाकल्या होत्या. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाडीस तेंच जनावर लाकडी गाडीपेक्षां अधिक भार घेऊन ओढतें, याचेंहि एक कारण रबरी चाकाची जमिनीवर टेकणारी मोठी बैठक हेंच आहे.

सायकलीच्या बाबतींत मात्र रुंदीबरोबर हवेचाहि हिशेब धरावा लागतो. समजा, स्वार ६५ किलो, मोटार-बॅटरीसह सायकल ३० किलो, आणि खताची पिशवी किंवा डबे मिळून २५ किलो, असा १२० किलोंचा भार आहे. हा सुमारे २६५ पौंड झाला. यांतील तीन-पंचमांश, म्हणजे सुमारे १६० पौंड, मागील चाकावर पडतो. टायरांत दर चौरस इंचास ५० पौंड दाबाची हवा असेल तर १६० पौंड तोलून धरण्यास ३.२ चौरस इंच बैठक पुरते. हवा २० पौंड ठेवली तर बैठक ८ चौरस इंच होते, आणि १० पौंड ठेवली तर १६ चौरस इंच. टायरच्या कापडाचा ताठपणाहि थोडा भार उचलतो, म्हणून हे आंकडे अगदीं तंतोतंत नव्हेत; पण व्यवहारास पुरेसे आहेत.

यावरून दिसून येईल कीं, जमिनीवरील बैठक वाढते ती मुख्यतः हवा कमी केल्यानें. मग अरुंद टायरांतीलच हवा कां कमी करूं नये? कारण त्याची उंची थोडी असते. हवा उतरविली कीं धोंड्यावर तो पार रिमेपर्यंत दबतो, ट्यूब धोंडा व रीम यांच्या मध्यें चिमटली जाते, आणि सापानें डसावें तशीं जवळ जवळ दोन भोकें पडतात. रुंद टायर उंचहि असतो; म्हणून त्यांत हवा कमी ठेवतां येते. थोडक्यांत, रुंदी ही कमी हवा ठेवण्याची मोकळीक आहे. रुंद टायर घेऊन त्यांत दगडासारखी हवा ठोकून भरणाऱ्यानें पैसे दिले ते वजन वाढविण्यासाठीं, असेंच म्हणावें लागेल.

हे टायर आले कोठून

हवेच्या टायरची पहिली सनद रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं मिळविली होती. पण ती कल्पना मागें पडली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉईड डनलॉप यानें तीच गोष्ट पुन्हां सिद्ध केली. हा गृहस्थ धंद्यानें जनावरांचा डॉक्टर होता, आणि मुलाच्या तीनचाकीसाठीं केलेल्या खटपटींतून त्याचा टायर निघाला, हें शेतकरी वाचकांस विशेष वाटेल. रुंद टायरची गोष्ट त्यानंतरची आहे. अमेरिकेंत शिकागो येथील श्विन कंपनीनें १९३३ सालीं २६ इंची चाकावर सव्वादोन इंचांस किंचित् कमी, म्हणजे २.१२५ इंच, रुंदीचा फुगीर टायर बाजारांत आणला. त्याच जुन्या दणकट सायकली घेऊन १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील तरुण डोंगर उतरूं लागले, आणि त्यांतून आजची डोंगरी सायकल निर्माण झाली. बाजारांतील पुष्कळ डोंगरी सायकलींचा टायर आजहि २ ते २.४ इंचांच्या दरम्यान असतो.

चार इंची टायरचा वंश निराळा आहे. अलास्कांत बर्फावरून सायकल नेणाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत रुंद रिमा करून पाहिल्या. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत वाळूसाठीं तसेच प्रयोग झाले. आणि २००५ सालीं मिनेसोटा येथील सर्ली कंपनीनें ३.७ इंची टायरची सायकल सर्वांस विकत मिळेल अशी केली. हा टायर बर्फ व कोरडी वाळू यांसाठीं जन्मला आहे. दोहोंचा समान गुण असा कीं, तीं दाबलीं जातात पण चाकास चिकटत नाहींत. बर्फ आपल्या जिल्ह्यांत नाहीं. वाळू आहे ती नदीनाल्यांच्या पात्रांत. आपली काळी जमीन मात्र नेमकी उलट स्वभावाची आहे.

जिल्ह्यांतील चार वाटा

महसुली कामाच्या निमित्तानें जिल्ह्यांतील पुष्कळ शिवारें आम्हीं पाहिलीं आहेत. टायरच्या दृष्टीनें त्यांतील वाटांचे चार वर्ग करतां येतात.

पहिला वर्ग तापीकाठच्या काळ्या जमिनीचा. प्रकाशा, सारंगखेडा, शहादा, नंदुरबार या पट्ट्यांतील पाणंद रस्ते आठ महिने टणक असतात व चार महिने त्यांचा गारा होतो. ही माती टायरास थरावर थर चढते. येथें रुतण्यापेक्षां चाक दाटून अडण्याचें भय अधिक. टायर जितका रुंद तितकी चिकटणारी माती अधिक, आणि चिमट्यांत उरणारी जागा कमी. यास्तव या भागांत २ ते २.२५ इंचांचा टायर घ्यावा. त्याचे दाते उंच व एकमेकांपासून दूर असावेत, म्हणजे चाक फिरतां फिरतां माती झडून जाते. दात्यांमध्यें बोटाचें पेर शिरेल इतकें अंतर असल्यास उत्तम. मडगार्ड पावसाळ्यांत काढून ठेवावे किंवा बरेच उंच बसवावे.

दुसरा वर्ग वाळूचा. गोमाई, शिवण, रंगावली या नद्यांची उन्हाळी पात्रें व तापीचा कांठ यांत मोडतो. तेथून रोज जावें लागत असेल तर तीन इंची, आणि वाळूचा पट्टा लांब असेल तर चार इंची टायर खरोखर उपयोगी पडतो. पण पात्र ओलांडावयाचें अंतर शंभर-दोनशें पावलांचेंच असेल, तर तेवढ्यासाठीं वर्षभर चार इंची टायर फिरविण्यापेक्षां उतरून सायकल ढकलणें शहाणपणाचें आहे.

तिसरा वर्ग सातपुड्याचा. धडगांव, मोलगी, तोरणमाळ या बाजूच्या पाड्यांच्या वाटा मुरूम, सुटी खडी व काळ्या पत्थराचे धारदार तुकडे यांनीं भरलेल्या आहेत. येथें टायरास तीन कामें करावीं लागतात : खडीवर पकड धरणें, धक्का खाणें, आणि बाजूनें न फाटणें. यासाठीं पुढें २.४ व मागें २.२५ ते २.४ इंचांचा टायर योग्य. पुढील टायर किंचित् रुंद ठेवण्याचें कारण असें कीं, मागचें चाक घसरलें तर सायकल सांवरतां येते. पुढचें घसरलें तर स्वार पडतो. वाट फारच खडबडीत असल्यास २.६ इंचांपर्यंत जाण्यास हरकत नाहीं.

चौथा वर्ग डांबरी सडकेचा व बाजाराच्या वाटेचा. येथें १.७५ ते २ इंचांचा, मध्यभागीं जवळजवळ गुळगुळीत असा टायर सर्वांत कमी ओढ घेतो. उंच दात्यांचा टायर सडकेवर घरघर आवाज करतो, लवकर झिजतो, आणि बॅटरी खातो. नवापूरकडील भाताच्या बांधांवरून जाणाऱ्यांस मात्र पहिल्या वर्गाचाच टायर घ्यावा लागेल.

आतां बहुतेक खातेदारांची वाट एकाच वर्गांत बसत नाहीं. त्यासाठीं आम्ही एक साधा उपाय सुचवितों. पीक पाहणींत जसें कोणत्या पिकाखालीं किती क्षेत्र याची नोंद होते, तसें एक महिना वहींत रोज टिपून ठेवावें : सडक किती किलोमीटर, काळी पाणंद किती, मुरूम किती, वाळू किती, आणि कोणत्या जागीं उतरावें लागलें. महिन्याअखेर बेरीज केली म्हणजे मनांतील वाट व प्रत्यक्षांतील वाट यांत किती फरक आहे तें दिसतें. टायर निवडावा तो ज्या वाटेवर अडकून राहणें परवडत नाहीं अशा रोजच्या वाटेसाठीं. वर्षांतून एकदां ज्या वाटेनें जावयाचें, तिच्यासाठीं टायर घेऊं नये.

मापें वाचण्याची रीत

टायर दुकानांतून आणून घरीं बसला नाहीं, अशी तक्रार पुष्कळ ऐकूं येते. त्याचें कारण इंचांतील मापें फसवीं असतात. टायरच्या बाजूस इंचांखेरीज मिलिमीटरचा आंकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ५७-५५९. पहिला आंकडा रुंदी, दुसरा टायरच्या आंतील कडेचा व्यास. हा दुसरा आंकडाच रिमेशीं जुळला पाहिजे. डोंगरी सायकलीचें २६ इंची चाक ५५९ चें, साडेसत्तावीस इंची ५८४ चें, आणि २९ इंची ६२२ चें असतें. आपल्या घरोघरच्या जुन्या काळ्या सायकलीचें २८ × १½ हें चाक मात्र ६३५ चें आहे. २९ हा आंकडा मोठा दिसतो म्हणून त्याचा टायर २८ च्या रिमेवर चढेल असें कोणी समजूं नये. त्याची कड १३ मिलिमीटरांनीं लहान आहे. शिवाय ६३५ मापाचा रुंद डोंगरी टायर बाजारांत मिळत नाहीं. म्हणून वडिलांच्या काळची सायकल कितीहि दणकट असली तरी तीस रुंद टायर चढविण्याचा नाद सोडावा, आणि मोटार बसविण्यासाठीं पोलादी दांड्यांची डोंगरी सायकलच घ्यावी.

दुसरी गोष्ट जागेची. चिमट्याच्या व मागील दांड्यांच्या मध्यें टायर बसल्यावर दोहों बाजूंस निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. काळ्या जमिनींत त्याच्या दुप्पट असावी. जुना टायर फुगवून, बाजूची मोकळी जागा मोजून, मगच नव्याची रुंदी ठरवावी. तिसरी गोष्ट रिमेची. २.२ ते २.४ इंची टायरास आंतून २५ ते ३० मिलिमीटर रुंदीची रीम चांगली. अरुंद रिमेवर रुंद टायर चढविल्यास तो फुग्यासारखा डोलतो व वळणावर कलतो. चार इंची टायरास ६५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद रीम, तसाच रुंद चिमटा व रुंद हब लागतो. अर्थात् साध्या सायकलीस तो बसतच नाहीं. त्यासाठीं सबंध सायकलच निराळी घ्यावी लागते.

मोटार, बॅटरी व चाकाचा व्यास

रुंद टायर उंचहि असल्यामुळें चाकाचा व्यास वाढतो. २६ इंची रिमेवर २.२ इंची टायर असतां चाकाचा व्यास सुमारे ६६७ मिलिमीटर भरतो. चार इंची टायर चढविला तर तो ७५५ च्या आसपास जातो, म्हणजे सुमारे १३ टक्के अधिक. हबमधील मोटारीची पिळण्याची शक्ति तीच राहते. पण चाक मोठें झाल्यानें जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे आठव्या हिश्श्यानें घटते. चढावर हें लगेच जाणवतें. शिवाय मोटारीच्या नियंत्रकांत चाकाचें माप जुनेंच राहिलें तर तो २५ किलोमीटर वेग दाखवीत असतां सायकल प्रत्यक्षांत २८ नें धांवत असते. टायर बदलल्यावर हें माप दुरुस्त करून घ्यावें.

याचा कायद्याशींहि संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें मोटारीची अर्ध्या तासाची शक्ति पाव किलोवॉटपेक्षां कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आंत असल्यास, योग्य ब्रेक व प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या असलेलें असें दुचाकी वाहन मोटार वाहन समजलें जात नाहीं. याहून मोठी मोटार बसविणारास नोंदणी, परवाना व विमा यांचा विचार करावा लागतो. अपघात झाल्यावर तो करून उपयोग नाहीं.

बॅटरीचा हिशेबहि पाहूं. ३६ व्होल्टची १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. आपला तोच १२० किलोंचा भार एक हजार मीटर उंच चढविण्यास, दुसरा कांहीं खर्च न धरतां, सुमारे ३२७ वॉट-तास लागतात. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे. मोटारींत व तारांत होणारी घट आणि टायरची ओढ धरतां ही बॅटरी पायथ्यापासून एकट्या मोटारीच्या बळावर माथा गांठूं शकत नाहीं. पायांची जोड द्यावीच लागते. अशा ठिकाणीं चार इंची टायर, जो एकेक सव्वा ते पावणेदोन किलोंचा असतो व सडकेवर ओढहि अधिक घेतो, तो बॅटरीचा भागीदार होऊन बसतो.

उतार व ब्रेक

भार उंच चढविण्यास जी शक्ति लागली, तिचा मोठा भाग उतरतांना ब्रेकांत उष्णतेच्या रूपानें निघतो. चांदसैलीचा किंवा तोरणमाळचा घाट भारासह उतरतांना रिमेस दाबणारे रबरी ब्रेक रीम इतकी तापवूं शकतात कीं आंतील ट्यूब फुटावी. त्यांत पावसांत भिजलेल्या रिमेवर ब्रेकची पकड आणखी कमी होते. सबब डोंगरांत जाणाऱ्या विजेच्या सायकलीस दोन्ही चाकांस डिस्क ब्रेक असावेत, आणि टायर कितीहि रुंद असला तरी तो ब्रेकचें काम करील असें समजूं नये. टायर जमिनीस धरतो; चाक थांबवावयाचें तें ब्रेकनेंच. मोटारीचा आंस मागील दांड्यांच्या खांचेंत फिरूं नये म्हणून त्यास पोलादी आडपट्टी लावलेली आहे कीं नाहीं, हेंहि घेतेवेळींच पाहून घ्यावें. अॅल्युमिनमच्या पुढील चिमट्यांत मोटार बसविण्याचें टाळावें. खांच तुटल्यास चाक निखळतें.

कांट्यांचा बंदोबस्त

आपल्या भागांत टायरचा खरा वैरी बाभळीचा कांटा व सराटा. सराटा कसाहि पडला तरी त्याचें एक टोंक वर असतेंच. मोटार मागील चाकांत असल्यामुळें तें चाक काढणें कटकटीचें : नट घट्ट, आंत तार गुंतलेली, आणि बहुधा अंधार. म्हणून मागील टायर घेतांना आंत कांटारोधक थर असलेलाच घ्यावा. टायरच्या कापडांत इंचास किती धागे आहेत तेंहि पाहावें. इंचास १२० धाग्यांचें कापड तलम, हलकें व महाग. तीस धाग्यांचें जाड व ताठ. साठ धाग्यांचें आपल्या कामास बेताचें. शर्यतीच्या टायरची व शेतावर जाणाऱ्या टायरची तुलना मलमल व मांजरपाट यांच्याप्रमाणें करावी. शेतावर मलमल नेसून कोणी जात नाहीं.

ट्यूबमध्यें भोक बुजविणारा रबरी द्रव भरून ठेवल्यास सराट्याचीं बारीक भोकें चालतां चालतां बुजतात. आपल्याकडील उन्हांत हा द्रव सुकतो. तीन-चार महिन्यांनीं तो पुन्हां घालावा. बाभळीच्या लांब कांट्यापुढें मात्र त्याचें फारसें चालत नाहीं. ट्यूबविना चालणारे टायर चांगले असतात, पण त्यांस त्याच जातीची रीम लागते, आणि खेड्यांतील दुकानीं त्यांची दुरुस्ती होईलच असें नाहीं. तूर्त ट्यूब, द्रव, एक जादा ट्यूब, व मोटारीच्या नटास बसेल असा पाना इतका सरंजाम जवळ ठेवणें अधिक सोयीचें.

हवेचें वेळापत्रक

शेवटीं हवेविषयीं. १२० किलोंच्या भारास पुढील आंकडे धरून सुरुवात करावी व अनुभवानें दोन-तीन पौंड इकडे तिकडे करावे. २.२५ इंची टायरांत मागें ३२ ते ३५ व पुढें २६ ते २८ पौंड, २.४ ते २.६ इंचींत मागें २४ ते २८ व पुढें २० ते २२. चार इंचींत वाळूवर ८ ते १० व सडकेवर १५ ते २०. एकटा हलका स्वार असेल तर हे आंकडे कमी करावेत. हवा बोटानें चेपून ठरवूं नये. मोजमाप असलेला पंप ठेवावा. साध्या सायकलीच्या वॉलनळींतून हवा मोजणें अवघड जातें. सबब ट्यूब घेतांना मोटारगाडीच्या जातीच्या वॉलची घ्यावी, म्हणजे ती कोठेंहि मोजतां व भरतां येते. पेट्रोल पंपावरील हवा मात्र जपून भरावी. ती मोठ्या गाड्यांसाठीं असून सायकलीची ट्यूब क्षणांत फोडूं शकते.

आमच्या मतें या जिल्ह्यांतील दहांतील आठ-नऊ खातेदारांचें काम २.२५ इंचांच्या आसपासच्या, दूर दात्यांच्या व साठ धाग्यांच्या टायरानें भागेल. डोंगराकडील बंधूंनीं पुढें २.४ ठेवावा. चार इंची टायर ज्यास नदीच्या वाळूंतून रोज जावें लागतें त्यानें खुशाल घ्यावा. इतरांनीं ती रक्कम चांगल्या ब्रेकांत व दिव्यांत घालावी. रात्रीं फडाच्या कडेनें जातांना वाट दाखविणारा दिवा व हातांत राहणारी सायकल यांवर घरीं परतणें अवलंबून असतें.

गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं मापाचा एक पंप व दोन जातींचे टायर नमुन्यादाखल ठेवले, आणि सभासदांस आपल्याच पाणंदींत एक दिवस चालवून पाहूं दिले, तर या लेखापेक्षां अधिक शिक्षण होईल. तोंपर्यंत येत्या मृगापूर्वीं प्रत्येकानें आपली सायकल उलटी ठेवून, टायर व चिमटा यांच्यामध्यें बोट घालून पाहावें. बोट सहज फिरलें तर ठीक. अडकलें तर चिखलहि तेथेंच अडकणार, हें ओळखून पाऊस सुरू होण्यापूर्वींच टायर बदलून घ्यावा.